एनईएफटी, आरटीजीएस, आयएमपीएस की यूपीआय? पैसे पाठवण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेच्या ॲपमध्ये पैसे पाठवायला गेलं की तीन-चार पर्याय समोर येतात आणि बहुतेक जण सवयीचा एक दाबून मोकळे होतात. पाचशे-हजारासाठी त्यात काही बिघडत नाही. रक्कम लाखांत गेली, समोरचा माणूस ओळखीचा नसला किंवा आज पैसे पोचले नाहीत तर व्यवहारच मोडणार असला, की मात्र थोडा विचार करावा लागतो. खाली दिलेल्या मर्यादा आणि शुल्क संपूर्ण व्यवस्थेला लागू असलेल्या आहेत. तुमची बँक त्याहून कमी मर्यादा ठेवू शकते, आणि बऱ्याच बँका ठेवतातही.

या चार पद्धतींत मुळात फरक काय?

पाठवणाऱ्याला चारही सारख्याच दिसतात: इथून कमी झाले, तिथे जमा झाले. फरक आहे तो दोन बँकांमधल्या हिशेबात.

आरटीजीएस आणि एनईएफटी या रिझर्व्ह बँकेच्या व्यवस्था. आरटीजीएस मार्च २००४ मध्ये सुरू झाली. तिच्यात प्रत्येक व्यवहार सुटा धरला जातो. तुमच्या बँकेचं रिझर्व्ह बँकेत खातं असतं, त्यातून तेवढी रक्कम तिथल्या तिथे समोरच्या बँकेच्या खात्यात जाते आणि तो व्यवहार अंतिम ठरतो. नोव्हेंबर २००५ मध्ये आलेली एनईएफटी व्यवहार गोळा करून गठ्ठ्याने पाठवते. दर अर्ध्या तासाला एक, असे दिवसाला ४८ गठ्ठे. एसटीसारखंच आहे: तुम्ही दहा वाजून पाच मिनिटांनी स्टँडवर आलात तर साडेदहाच्या गाडीने जाणार. गठ्ठ्यातल्या सगळ्या देण्याघेण्याची वजाबाकी होते आणि बँका एकमेकींना फक्त उरलेला फरक चुकवतात.

आयएमपीएस (नोव्हेंबर २०१०) आणि यूपीआय (एप्रिल २०१६) चालवते ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआय. इथे तुमच्या माणसाला पैसे काही सेकंदांत मिळतात, पण बँकांचा आपसातला हिशेब नंतर, ठरलेल्या फेऱ्यांमध्ये मिटतो. यूपीआय उभं आहे आयएमपीएसच्याच पायावर. फक्त खाते क्रमांक आणि आयएफएससी (बँक आणि शाखेचा कोड) माहीत असण्याची गरज उरत नाही. मोबाइल नंबर, यूपीआय आयडी किंवा क्यूआर कोड पुरतो.

एका वाक्यात सांगा, कुठली निवडू?

एका वाक्यात जमणार नाही, चार-पाच वाक्यांत सांगतो. लाखाच्या आत आणि माणूस माहितीचा असेल तर यूपीआय. लाख ते पाच लाख आणि आत्ताच हवेत, तर आयएमपीएस. घाई नसेल तर कुठल्याही रकमेला एनईएफटी. दोन लाखांच्या वर आणि व्यवहार कागदोपत्री महत्त्वाचा असेल, तर आरटीजीएस.

पण माझं मत असं की वेग हा आता निवडीचा निकष राहिलेलाच नाही. पूर्वी होता. एनईएफटी संध्याकाळी बंद व्हायची, रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी चालत नव्हती, म्हणून लोक घड्याळ बघून पद्धत ठरवत. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस वर्षाचे सगळे दिवस, चोवीस तास सुरू आहे. तरी इंटरनेटवर अजून ‘साडेचारच्या आत पाठवा’ छापाचे सल्ले सापडतात. ते तारीख बघून सोडून द्या. आता स्वतःला विचारायचं ते एवढंच: ही रक्कम भलत्याच खात्यात गेली तर मला परवडेल का, आणि पाठवण्याआधी समोरचं खातं तपासायची संधी मला कोणत्या पद्धतीत मिळते?

मी नाव बरोबर लिहिलं होतं, खाते क्रमांकात एक आकडा चुकला. बँकेला कळायला नको का?

कळत नाही. या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. समोरची बँक पैसे जमा करते ते फक्त खाते क्रमांक पाहून. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच स्पष्ट केलं होतं की इलेक्ट्रॉनिक व्यवहारात खाते क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. तुम्ही लाभार्थी म्हणून ‘आबा’ लिहा नाहीतर पूर्ण नाव लिहा, तो आकडा ज्याचा त्याला पैसे मिळतात.

परिस्थिती थोडी सुधारली आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांना एनईएफटी आणि आरटीजीएससाठी नाव पडताळणीची सोय द्यायची होती. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की त्या खात्यावर बँकेच्या दप्तरी असलेलं नाव दिसतं. ही सोय फुकट आहे आणि शाखेतही मिळते, मागा. ॲपमध्ये ती बहुधा नवीन लाभार्थी जोडतानाच दिसते. यूपीआयमध्ये पिन टाकण्याआधी नाव दिसतंच, फक्त ते कुणी वाचत नाही. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि मोबाइलवर मालकाच्या बायकोचं नाव, हे इतकं नेहमीचं आहे की वेगळं नाव दिसलं तरी आपण पुढे जातो. किराणा घेताना ठीक. ऐंशी हजारांचं सामान मागवताना थांबा आणि विचारा.

मोठी रक्कम पाठवायची असेल तर माझा आग्रह जुन्याच पद्धतीचा: आधी एक रुपया पाठवा. तो ‘आला’ असं फोनवर ऐकून समाधान मानू नका. किती वाजता आला आणि पाठवणाऱ्याचं नाव काय दिसतंय, ते त्यांना त्यांच्या स्टेटमेंटमध्ये बघून सांगायला लावा. आणि खाते क्रमांक तोंडी घेऊ नका. रद्द केलेल्या चेकचा किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागवा.

आणखी एक. नेहमीच्या पुरवठादाराकडून ‘आमचं खातं बदललं आहे, यापुढे या नंबरवर पाठवा’ असा ईमेल किंवा मेसेज आला, तर त्या मेसेजमधल्या फोन नंबरवर खात्री करून घेण्यात अर्थ नाही. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करा. ईमेल ताब्यात घेऊन खोटा खाते क्रमांक पाठवण्याची फसवणूक लहान कारखानदार आणि व्यापाऱ्यांना फार महागात पडते, कारण तिथे रक्कम मोठी असते आणि पाठवणारा स्वतःच्या हाताने, पूर्ण विश्वासाने पाठवतो.

आयएफएससी चुकला तर?

आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं कायम शून्य, शेवटची सहा शाखेची. पाचव्या जागी इंग्रजी ‘ओ’ टाकणं ही सगळ्यात नेहमीची चूक. अस्तित्वात नसलेला कोड ॲप स्वीकारतच नाही, त्यामुळे ही चूक लगेच पकडली जाते. बँक तीच पण शाखा दुसरी असं झालं, तर पैसे अनेकदा योग्य खात्यात जातात, कारण खाते क्रमांक त्या बँकेत एकच असतो. तरी त्यावर विसंबू नका.

जुने कोड हा वेगळा घोळ. देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. एप्रिल २०२० मध्ये सिंडिकेट बँक कॅनरात, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत विलीन झाल्या. त्यांचे जुने कोड बंद झाले. जुन्या चेकबुकावरून कोड उतरवलात तर व्यवहार होणार नाही. पोस्टाच्या बचत खात्यांना २०२२ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसची सोय मिळाली आणि देशभरच्या सगळ्या टपाल कार्यालयांच्या बचत खात्यांना एकच आयएफएससी आहे. तो इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या कोडपेक्षा वेगळा, दोन्हींत गल्लत करू नका.

माझं खातं पतसंस्थेत किंवा छोट्या नागरी सहकारी बँकेत आहे. मला हे सगळं मिळेल का?

सहकारी बँक आणि पतसंस्था यांत आधी फरक करू. पतसंस्था ही बँक नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या पेमेंट व्यवस्थांची ती सभासद नसते. काही पतसंस्था एखाद्या बँकेशी करार करून सभासदांना पैसे स्वीकारायची सोय देतात. तेव्हा तुम्हाला मिळणारा आयएफएससी त्या बँकेचा असतो आणि पैसे आधी त्या बँकेत जाऊन मग पतसंस्थेच्या वहीत तुमच्या नावे लागतात. त्यामुळे वेळ लागू शकतो आणि काही अडलं तर तक्रार कुणाकडे करायची हाही प्रश्न येतो. पगार, घरविक्रीचे पैसे अशा रकमा थेट पतसंस्थेच्या खात्यात मागवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी बँकेत घ्या, मग हवं तर ठेव म्हणून तिथे ठेवा.

नागरी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांचं वेगळं. मोठ्या सहकारी बँका थेट सभासद आहेत. लहान बँका दुसऱ्या एखाद्या बँकेच्या आधाराने उपसभासद म्हणून काम करतात. त्यांना एनईएफटी, आरटीजीएस बहुधा मिळतं, पण मोबाइल ॲप किंवा यूपीआय सगळीकडे असेलच असं नाही. शाखेत जाऊन तीन गोष्टी विचारून घ्या: पैसे येऊ शकतात का, जाऊ शकतात का, आणि फॉर्म किती वाजेपर्यंत घेता.

शुल्क किती लागतं?

बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटी केली तर काहीच नाही; १ जानेवारी २०२० पासून बँकांना ते घेता येत नाही. शाखेत फॉर्म भरलात तर जास्तीत जास्त १० हजारांपर्यंत २.५० रुपये, १ लाखापर्यंत ५ रुपये, २ लाखांपर्यंत १५ रुपये आणि त्यापुढे २५ रुपये, वर जीएसटी. आरटीजीएसला शाखेत २ ते ५ लाखांसाठी २४.५० आणि त्यापुढे ४९.५० रुपयांची कमाल मर्यादा, तीही जीएसटी सोडून. बऱ्याच बँका ऑनलाइन आरटीजीएसला काही घेत नाहीत. पैसे घेणाऱ्याला कुठेच काही द्यावं लागत नाही.

आयएमपीएसचं शुल्क प्रत्येक बँक स्वतः ठरवते. काही घेत नाहीत, काही पाच-पंधरा रुपये घेतात. यूपीआयने खात्यातून पैसे पाठवणं फुकट. चालू खातं असेल तर एनईएफटीची सवलत तुम्हाला आपोआप लागू नाही, दरपत्रक बघा.

पण पन्नास लाखांच्या व्यवहारात पन्नास रुपये वाचवायला पद्धत बदलणारी माणसं भेटतात, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

ॲप ‘मर्यादा ओलांडली’ म्हणतं. व्यवस्थेची मर्यादा तर जास्त आहे ना?

तीन वेगवेगळ्या मर्यादा एकमेकींवर बसलेल्या असतात. पहिली व्यवस्थेची. आरटीजीएसला किमान २ लाख, वर मर्यादा नाही. एनईएफटीला किमान नाही आणि रिझर्व्ह बँकेने वरचीही ठेवलेली नाही. आयएमपीएसला एका वेळी ५ लाख. यूपीआयने एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला १ लाख. रुग्णालय, शिक्षणसंस्था, कर भरणा अशा ठरावीक ठिकाणी यूपीआयची मर्यादा ५ लाख आहे, आणि सप्टेंबर २०२५ पासून विमा, भांडवली बाजार अशा काही प्रकारांत एका वेळी ५ लाख, दिवसाला १० लाखांपर्यंत जाता येतं. हॉस्पिटलचं बिल भरताना लाखावर अडलात तर आधी हे तपासा की तुम्ही हॉस्पिटलच्या अधिकृत क्यूआर कोडवर पाठवताय की कुणा कर्मचाऱ्याच्या नंबरवर.

दुसरी मर्यादा तुमच्या बँकेची, दिवसाची. आणि तिसरी, जी सगळ्यांना ऐन वेळी भेटते: नवीन लाभार्थी जोडल्यावरचा थांबा. बहुतेक बँका पहिले काही तास किंवा पहिला दिवस नव्या लाभार्थ्याला थोडीच रक्कम पाठवू देतात. यूपीआयमध्येही नवीन फोनवर ॲप सुरू केलं की पहिले चोवीस तास ५ हजारांची अट असते, काही फोनवर ती आणखी लांबते. फोन बदलायचा तर ज्या दिवशी मोठं पेमेंट आहे तो दिवस टाळा.

हा थांबा लोकांना छळ वाटतो. मला तो आवडतो. फसवणूक करणारा तुम्हाला घाईच करत असतो, आणि या एका अटीने कित्येकांना विचार करायला रात्र मिळते.

त्याच बँकेत दोघांची खाती आहेत. यातली कुठली पद्धत वापरायची?

एकही नाही. ॲपमध्ये ‘त्याच बँकेत’ असा वेगळा पर्याय असतो. पैसे बँकेबाहेर जातच नाहीत, लगेच जमा होतात, शुल्क बहुधा नसतं.

फ्लॅट घेतोय. विकणाऱ्याला पैसे कसे द्यावेत?

आरटीजीएस. चर्चेला फार जागा नाही. रक्कम मोठी, व्यवहार अंतिम, समोरच्या बँकेने पैसे मिळाल्यापासून अर्ध्या तासात खात्यात जमा करायचे असा नियम, आणि हातात २२ अक्षरांचा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा संदर्भ नंबर. हा नंबर तारीख आणि बँकेच्या नावासह खरेदीखतात लिहिला जातो. डिमांड ड्राफ्टही चालतो, अजूनही कित्येक वकील तोच सुचवतात, कारण तो हातात दिसतो आणि सही झाल्यावर देता येतो. आरटीजीएसची अडचण नेमकी तीच: एकदा पैसे गेले की गेले. म्हणून पैसे आधी पाठवायचे की सही आधी, हे दुय्यम निबंधक कार्यालयात पोचल्यावर ठरवत बसू नका. ते आधी करारात लिहून घ्या.

तयारी दोन दिवस आधीपासून लागते. लाभार्थी जोडा. एक रुपया पाठवून बघा. ऑनलाइन दिवसाची मर्यादा किती आहे ते पाहा, कमी असेल तर वाढवा किंवा शाखेतून करायचं ठरवा. शाखेतून करणार असाल तर लक्षात ठेवा, व्यवस्था चोवीस तास चालते, शाखा नाही. फॉर्मबरोबर चेक लागतो आणि मोठ्या रकमेला बँक तुम्हाला फोन करून खात्रीही करते, तेव्हा फोन सायलेंटवर ठेवू नका.

खातं विकणाऱ्याच्याच नावाचं हवं. ‘भावाच्या खात्यात टाका, माझं बंद आहे’ हे ऐकू नका. मिळकत दोघांच्या नावावर असेल तर कुणाच्या खात्यात किती, हे करारात हवं. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून तो तुम्ही सरकारजमा करायचा असतो, म्हणजे आरटीजीएसची रक्कम तेवढी कमी. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर टीडीएसचे नियम पूर्ण वेगळे आहेत. सीएला विचारल्याशिवाय रक्कम ठरवू नका.

गृहकर्ज असेल तर बँकेचा हिस्सा बँकच देते. तुम्ही तुमच्या वाट्यापुरतं पाहा.

माझ्या खात्यातून कापले गेले, समोर पोचले नाहीत. परत पाठवू का?

थांबा. पहिले पैसे कुठे आहेत ते कळल्याशिवाय दुसऱ्यांदा पाठवलेत तर दोन्ही पोचतात, आणि मग जास्तीचे परत मागायची वेळ येते.

एनईएफटी असेल तर तुमचा गठ्ठा सुटल्यापासून दोन तासांत समोरच्या बँकेने पैसे जमा करायचे किंवा परत पाठवायचे असतात. म्हणजे सव्वादहाला केलेल्या एनईएफटीसाठी साडेबारापर्यंत काळजीचं कारण नाही. बँकेने उशीर केला तर रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) अधिक २ टक्के या दराने त्या काळाचं व्याज तिने द्यायचं असतं. आरटीजीएसला हीच मुदत अर्ध्या तासाची.

आयएमपीएस आणि यूपीआयसाठी रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक कामाला येतं. पैसे कापले गेले आणि समोरच्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर पुढच्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे अडकले असतील तर मुदत पाच दिवसांची. ही भरपाई न मागता मिळायला हवी. मिळत नसेल तर परिपत्रकाचा उल्लेख करून लेखी मागा.

तक्रारीत ‘पैसे गेले’ एवढंच लिहू नका. तारीख, वेळ, रक्कम आणि संदर्भ क्रमांक द्या: एनईएफटी-आरटीजीएसला यूटीआर, आयएमपीएस-यूपीआयला बारा आकडी आरआरएन. समोरच्यालाही तोच क्रमांक कळवा, म्हणजे तो त्याच्या बँकेत विचारू शकेल. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला फी नाही आणि वकील लागत नाही.

चुकीच्या खात्यात गेले. आता?

त्याच मिनिटाला स्वतःच्या बँकेला कळवा, आधी फोनवर, मग शाखेत लेखी. तुमची बँक समोरच्या बँकेला कळवते, ती आपल्या खातेदाराला गाठते आणि त्याच्या संमतीने पैसे परत येतात. संमतीशिवाय बँक त्याच्या खात्यातून काढू शकत नाही, कारण तिच्या दृष्टीने तुमची आज्ञा तंतोतंत पाळली गेली आहे. तो तयार नसेल किंवा त्याने खर्च केले असतील, तर पोलीस तक्रार आणि दिवाणी दावा हे मार्ग उरतात. बहुतेक माणसं परत करतात, खरं तर. अडचण येते ती बंद पडलेल्या मोबाइल नंबरांची आणि जिथे कुणी फिरकत नाही अशा खात्यांची.

एनईएफटी केली आणि गठ्ठा सुटायला वेळ आहे, म्हणून रद्द करता येईल, अशी आशा ठेवू नका. ॲपमध्ये तसं बटण नसतं. पुढची तारीख देऊन ठेवलेला व्यवहार मात्र त्या तारखेआधी रद्द करता येतो.

अनोळखी माणसाचे पैसे माझ्या खात्यात आले आणि तो फोन करून परत मागतोय.

तुम्ही स्वतः यूपीआयने परत पाठवू नका, ‘चुकून आले’ हे खरं असलं तरी. बँकेला कळवा, ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने बँकेतर्फे परत जाऊ द्या. ते पैसे तिसऱ्याच कुणाला फसवून आलेले असले, तर तुमचं खातं त्या साखळीत सापडतं आणि सायबर पोलिसांच्या सूचनेवरून ती रक्कम गोठवली जाते. तुमच्याकडे बँकेला लिहिलेलं पत्र असलं की बाजू मांडता येते.

यूपीआयपेक्षा एनईएफटी सुरक्षित आहे का?

तांत्रिकदृष्ट्या असं म्हणता येणार नाही. पैसे जातात ते बहुतेक वेळा व्यवस्था फोडून नव्हे, तर माणसाला फसवून. यूपीआयमध्ये एकच नियम पाठ करा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून पैसे ‘मिळत’ नाहीत, जातात. एका व्यक्तीने दुसरीला यूपीआयवरून ‘पैसे द्या’ अशी विनंती पाठवायची, या सोयीचा गैरवापर इतका झाला की ऑक्टोबर २०२५ पासून एनपीसीआयने ती सोयच बंद केली.

मी स्वतः एक सोपी व्यवस्था सुचवतो: यूपीआयला जोडायला वेगळं बचत खातं ठेवा आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवा. ठेवी आणि पगार ज्या खात्यात, ते यूपीआयला जोडूच नका. तिथून जे पाठवायचं ते नेट बँकिंगने, लाभार्थी जोडून. कटकट वाढते, हे मान्य.

फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रात्र असली तरी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरायला मिनिटं लागतात, आणि लवकर कळलं तर वाटेत कुठेतरी ते गोठवता येतात. बँकेलाही लगेच कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या सूचनांनुसार, चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. त्यापुढचं बँकेचं. म्हणून लाजेपोटी गप्प बसून चालत नाही.

गिऱ्हाईक ‘पैसे पाठवले’ म्हणून स्क्रीनशॉट दाखवतंय. माल देऊ का?

स्क्रीनशॉट हा पुरावा नाही, तो बनवता येतो. मेसेजही बनवता येतो. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली की माल द्या. एनईएफटी असेल तर खरोखरच पाठवूनही तासाभराने दिसू शकते, तेव्हा गिऱ्हाइकाला चोर समजू नका, बसवून चहा द्या.

हप्ता, क्रेडिट कार्डाचं बिल, एसआयपी यांसाठी काय?

दर महिन्याला ठरलेलं देणं हाताने पाठवूच नये. बँकेला एकदा परवानगी दिली की नॅच या व्यवस्थेतून ते आपोआप वळतं होतं. ऑगस्ट २०२१ पासून नॅच सुट्टीच्या दिवशीही चालते, म्हणजे हप्त्याची तारीख रविवारी आली तरी शनिवारीच खात्यात पैसे हवेत. ‘सोमवारी भरू’ हा हिशेब आता चुकतो आणि हप्ता परत गेल्याचा दंड दोन्हीकडून बसतो. क्रेडिट कार्डाचं बिल एनईएफटीने भरायचं तर शेवटच्या तारखेच्या एक-दोन दिवस आधी पाठवा. पैसे वेळेत पोचतात, पण कार्डाच्या हिशेबात त्यांची नोंद व्हायला वेळ लागू शकतो.

आईवडिलांकडे साधा फोन आहे. त्यांनी काय करावं?

साध्या फोनवर *९९# डायल करून इंटरनेटशिवाय यूपीआय वापरता येतं, आणि ‘यूपीआय १२३पे’ मध्ये फोनवरच्या आवाजी सूचना ऐकून पैसे पाठवता येतात. प्रत्यक्षात वयस्कर माणसांना हे किचकट वाटतं. शाखेत एनईएफटीचा फॉर्म भरून देणं हा त्यांच्यासाठी अजूनही चांगला मार्ग आहे. फॉर्मची पोच घ्यायला सांगा आणि खाते क्रमांक तुम्ही मोठ्या अक्षरांत लिहून द्या. बँकेत खातंच नसेल तरी रोख भरून ५० हजारांपर्यंत एनईएफटी करता येते, ओळखपत्र आणि पत्ता द्यावा लागतो.

मुलाने आईचा यूपीआय पिन स्वतःकडे ठेवणं ही घरोघरची रीत आहे. त्याऐवजी संयुक्त खातं करा.

परदेशी पाठवायचे असतील तर?

या चार पद्धती देशातल्या रुपयांच्या खात्यांसाठी आहेत. परदेशी रक्कम बँकेमार्फत स्विफ्टने, म्हणजे बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेने जाते. तिचे फॉर्म, शुल्क आणि कर वेगळे. नेपाळला मात्र एनईएफटीच्याच आधाराने एका वेळी २ लाख रुपयांपर्यंत पाठवता येतात. त्यासाठी खात्री करून घ्या की तुमची शाखा ही सोय देते.